पोलादाचं पाणी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मला बोलावलं जातं ते बहुतेक वेळा कवितेसाठी. आज मात्र मी दुसऱ्या धंद्याविषयी बोलणार आहे, ज्याच्यावर माझं घर चालतं. कोल्हापूरहून गगनबावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गॅरेज आहे. मराठी विषय घेऊन मी बी.ए. झालो, नोकरी काही लागली नाही, आणि अब्बांच्या हाताखाली पाना धरला. तो अजून हातात आहे.

आम्ही शिकलगार. हा शब्द 'सैकल' या शब्दावरून आला. सैकल म्हणजे हत्याराला दिलेली जिल्हई. माझे आजोबा गावोगाव फिरून विळे, कोयते, सुऱ्या, अडकित्ते यांना धार लावत. त्यांची साण लाखेची होती. लाख वितळवून तिच्यात कुरुंद दगडाची पूड कालवायची आणि तिचं चाक पाडायचं. आजी चामड्याचा पट्टा पुढे-मागे ओढून ते चाक फिरवायची आणि आजोबा पातं धरायचे. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दसुद्धा आपल्या भारतीय भाषांतूनच तिकडे गेला आहे.

हे सांगण्याचं कारण असं, की आज माझ्या गॅरेजमध्ये पोलाद कापायला जी पातळ तबकडी वापरतात, तिच्यातही बहुधा तोच पदार्थ असतो. शास्त्रात त्याला ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणतात. लाखेच्या जागी रासायनिक राळ आली, आत काचतंतूंची जाळी आली, आणि आजीच्या पट्ट्याच्या जागी विजेची मोटर आली. कुरुंद मात्र तोच.

हातात धरून चालवायच्या छोट्या ग्राइंडरची ही तबकडी साधारण दीड इंच व्यासाची असते आणि जाडीला पुठ्ठ्याएवढी. यंत्र मिनिटाला तीस हजार फेरे घेतं. हिशेब केला तर तबकडीची कड सेकंदाला सुमारे साठ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगानं धावत असते. आपली कुठलीही एसटी या वेगानं धावत नाही, आणि ही तबकडी तर आपल्या तोंडापासून हातभर अंतरावर फिरत असते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी माणूस पुष्कळ सांभाळून वागतो.

आता प्रश्न असा, की लोखंड कापायला करवत असताना हे यंत्र लागतं कशाला? साधं लोखंड हॅकसॉच्या पात्यानं कापता येतं. पण गाडीतले काही भाग असे असतात, की त्यांच्यावर पातं नुसतं घसरतं, कानस काचेवर ओढल्यासारखी सरकते. बेरिंगच्या कड्या, गिअरचे दाते, कमानपाटे. हे 'पाणी दिलेलं' पोलाद.

पोलादाला पाणी देणं हा आपल्या भाषेतला फार जुना शब्दप्रयोग आहे. पोलाद लालबुंद तापवायचं आणि पाण्यात किंवा तेलात एकदम बुडवायचं. त्यानं ते कठीण होतं, पण त्याबरोबर ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा थोडं तापवून त्याचा ताठा जरा उतरवतात. बेरिंगच्या पोलादात साधारण एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतं. कारखान्यात ते सुमारे साडेआठशे अंशांपर्यंत तापवून तेलात विझवतात आणि मग दीडशे-पावणेदोनशे अंशांवर पुन्हा शेकतात. गंमत म्हणजे जगभर पोलादाचा कठीणपणा ज्या 'रॉकवेल' पद्धतीनं मोजतात, ती बेरिंगच्या कड्यांपायीच निघाली. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये रॉकवेल आडनावाच्या दोघांनी, कड्यांना पाणी नीट चढलं की नाही हे झटपट कळावं म्हणून ते यंत्र बनवलं. १९१४ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१९ साली ते मिळालं. त्या मापावर बेरिंगची कडी साठच्या आसपास भरते, आणि कानसही जवळपास तितकीच. सारख्याला सारखं कसं कापणार? तिथं कुरुंदच पाहिजे.

गॅरेजमध्ये असं कापायची वेळ येते ती बहुधा अडकलेल्या वस्तूपायी. समजा, जीपच्या मागच्या चाकाचं बेरिंग फुटलं. बाहेरची कडी आणि गोळ्या निघून येतात, पण आतली कडी ॲक्सलच्या शाफ्टवर गच्च बसलेली राहते. पुलरला धरायला कड मिळत नाही. दाबयंत्र असलं तर उत्तम, नसलं तर कडी कापून काढायची.

आता यातलं मर्म सांगतो. ती कडी पूर्ण कापायची नसते. तिची जाडी दोन सूत असेल, तर तिरपी खाच पाडत जायचं आणि शेवटचं नखभर पोलाद तसंच ठेवायचं. मग खाचेत छिन्नी उभी धरून हातोड्याचा एकच घाव घालायचा. 'टण्' असा आवाज येतो आणि कडी तडकते. कारण ती शाफ्टवर ताणून बसवलेली असते, आणि पाणी दिलेलं पोलाद ठिसूळ असतं. ताण आणि ठिसूळपणा दोन्ही आपल्या बाजूनं काम करतात. शेवटचं नखभर आपण कापायला गेलो, तर तबकडी खालच्या शाफ्टला लागते.

अब्बांनी मला हे कितीतरी वेळा सांगितलं होतं. तरीही एकदा ती लागली. आज मी मुख्यतः तेच सांगायला आलो आहे.

साल १९९७, पावसाळ्याचे दिवस. अब्बा एका लग्नासाठी मिरजेला गेले होते. संध्याकाळी एक वडापची जीप आली. आमच्याकडे रस्त्यावर माणसं गोळा करत जाणाऱ्या गाडीला वडाप म्हणतात. मालक स्वतःच चालवायचा, गगनबावड्याच्या अलीकडच्या एका गावचा. मागच्या उजव्या चाकातून घरघर येत होती. बेरिंग संपलं होतं. मी म्हटलं, "उद्या दुपारपर्यंत करून देतो." तो म्हणाला, "न्हाई मिस्त्री, सकाळच्याला माणसं कणकवलीला सोडायची हाईत. रातीत करा, पण करा."

घाट उतरायचा, पाऊस, गाडी माणसांनी भरलेली. हे सगळं ठाऊक असूनही मी हो म्हटलं. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि अब्बांशिवाय एकट्यानं काम करून दाखवायची हौस होती. शेजारच्या वर्कशॉपमध्ये दाबयंत्र होतं, पण ते बंद झालेलं. मी ग्राइंडर घेतला.

श्रोतेहो, पोलाद कापताना ठिणग्या बोलतात. जास्त कार्बनचं पोलाद असलं की ठिणग्या आखूड असतात आणि त्यांना भराभर फाटे फुटतात, जणू फुलबाजीच. कमी कार्बनचं असलं की ठिणग्या लांब निघतात आणि फुलं कमी. शाफ्टचं पोलाद बेरिंगहून वेगळं, त्यात कार्बन कमी. त्यामुळं तबकडी कडीतून शाफ्टवर गेली की ठिणगीचं रूप पालटतं, आवाजही जरा जाड होतो. जाणत्या माणसाला ते तत्क्षणी कळतं. मलाही कळलं, पण माझा हात थांबेपर्यंत तबकडी पुढे गेली होती. कडी निघाली आणि शाफ्टवर एक चमकदार रेघ दिसली. अर्ध्या इंचाची, खोली फार तर नखाच्या जाडीएवढी.

मी पॉलिश पेपर घेऊन ती रेघ घासली. डोळ्याला दिसेनाशी झाली. नखाला मात्र लागत होती. मग मी नवं बेरिंग तेलात गरम केलं. शंभर-एकशेदहा अंश तापवलं की कडी फुगते, शाफ्टवर सहज सरकते आणि निवली की आवळून बसते. तिच्यावर गॅसची ज्योत कधी मारायची नाही, पाणी उतरतं. हे सगळं मी अगदी रीतसर केलं. नवं बेरिंग बरोबर त्या रेघेवर जाऊन बसलं. आता ती कुणालाही दिसणार नव्हती. मी पैसे घेतले आणि गाडी गेली.

रात्री अब्बा आले. त्यांनी केरात पडलेली तडकलेली कडी उचलली, कंदिलाजवळ धरली आणि विचारलं, "शाफ्टला लागलं का?"

मी म्हटलं, "नाही."

कडीवरची खाच आरपार गेली होती. शेवटचं नखभर उरलेलं नव्हतं. ते त्यांना दिसलं असणारच. पण ते काही बोलले नाहीत. जेवले आणि झोपले.

आता एवढ्याशा रेघेनं काय होतं, असं कुणी विचारेल. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा ॲक्सल तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली. तेव्हापासून ॲक्सल का तुटतात याचा कसून अभ्यास सुरू झाला. ऑगस्ट व्होलर नावाच्या जर्मन रेल्वे अभियंत्यानं १८५० आणि १८६०च्या दशकांत ॲक्सलवर प्रयोग केले आणि दाखवून दिलं, की एका झटक्यात जो भार लोखंड सहज पेलतं, त्याहून कितीतरी कमी भारसुद्धा लाखो वेळा उलटसुलट आला की तेच लोखंड तुटतं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात शाफ्ट किंचित वाकतो आणि सरळ होतो. जिथं खाच असते तिथं सगळा ताण गोळा होतो. तिथून केसाएवढी चीर निघते आणि रोज कणाकणानं आत जाते. वरून काही कळत नाही. आणि जीपच्या त्या प्रकारच्या ॲक्सलमध्ये वाकण्याचा जोर सर्वांत जास्त असतो तो नेमका बेरिंगपाशी. तिथं तुटलं, तर चाक शाफ्टच्या तुकड्यासकट बाहेर निघून जातं.

यातलं व्होलरचं नाव मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण तुटलेले शाफ्ट मी पाहिले होते. त्यांच्या तुटल्या तोंडावर झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं असतात आणि ती सगळी एखाद्या बारीक खाचेपासून निघालेली असतात. रात्रभर मला ती वर्तुळं दिसत राहिली.

पहाटे अब्बा फजरच्या नमाजाला उठले. मी जागाच होतो. त्यांची नमाज होईपर्यंत थांबलो आणि म्हटलं, "अब्बा, लागलं होतं."

मला वाटलं, आता बोलणी बसतील. त्यांनी एवढंच विचारलं, "बावड्याची पहिली एसटी किती वाजता सुटते?"

मी त्या एसटीनं गेलो. फाट्यावर उतरून चिखलातून पळत गावात पोचलो, तेव्हा जीप वडाखाली उभी होती. आत माणसं बसली होती, टपावर पोती आणि ट्रंका बांधणं चालू होतं. एक म्हातारी मांडीवर कोंबडीची पाटी घेऊन बसलेली मला आजही आठवते. मी मालकाला बाजूला घेतलं नाही. बाजूला घेतलं असतं, तर कदाचित त्याच्या मनात आलं असतं की आजचा दिवस जाऊ दे, उद्या बघू. कदाचित माझ्याही मनात तेच आलं असतं. मी सगळ्यांसमोर सांगितलं, की काल माझ्या हातून शाफ्टला खाच पडली आहे, ही गाडी घाटात नेऊ नका.

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काल पैसं घेताना तोंड शिवलं हुतं व्हय?"

मी त्यावर काही बोललो नाही.

माणसं कुरकुरत उतरली. त्याचं त्या दिवसाचं भाडं बुडालं, दुसऱ्या दिवसाचंही बुडालं. नवा शाफ्ट आम्ही आमच्या पैशांनी आणून बसवला. अब्बांनी त्याच्या बुडालेल्या भाड्याचे पैसे देऊ केले. ते त्यानं घेतले, आणि घ्यायलाच हवे होते. पुढं वर्षभर तो आमच्या गॅरेजकडे फिरकला नाही. नंतर यायला लागला, पण कुठलंही काम झालं की चाक बसवण्याआधी म्हणायचा, "मिस्त्री, आधी दावा." आणि स्वतः नख फिरवून बघायचा. मी दाखवायचो. ते माझ्यावरचं कर्ज होतं असं मी मानतो.

तो शाफ्ट त्या दिवशी तुटला असता का? कदाचित नसता तुटला. कदाचित वर्षभर चालला असता. हे मला कधीच कळणार नाही, आणि असं न कळलेलंच मला बरं वाटतं. तो शाफ्ट गॅरेजच्या भिंतीवर टांगलेला आहे. नवा पोरगा कामाला आला की मी त्याला त्या जागेवरून नख फिरवायला लावतो.

आता थोडं आजच्याविषयी. हल्ली हे छोटे ग्राइंडर, बॅटरीवर चालणारेसुद्धा, कुणालाही घरबसल्या मिळतात. हौशी मंडळी स्वतःच्या गाडीचा जाम झालेला बोल्ट, गंजलेला नट स्वतःच कापतात. स्वतः करण्यात आनंद आहे, मी नको म्हणणार नाही. फक्त चार गोष्टी गाठीला बांधून ठेवा.

पहिली गोष्ट डोळ्यांची. आमच्याकडच्या एका पोरानं 'एकच मिनिटाचं काम' म्हणून चष्मा लावला नाही. डोळ्यात कण गेला, त्यानं चोळला, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कणाभोवती गंजाचं कडं धरलं. डॉक्टरांनी ते काढलं म्हणून निभावलं. नंबरचा चष्मा पुरत नाही, दोन्ही बाजूंनी बंद असलेला पाहिजे. कण गेलाच तर चोळायचं नाही, सरळ डॉक्टर गाठायचा.

दुसरी गोष्ट तबकडीची. ती कडेनं कापण्यासाठी असते. खाचेत असताना हात वाकडा झाला, की फुटते आणि तुकडे त्याच दोनशे किलोमीटरच्या वेगानं उडतात. तबकडीवर लिहिलेला फेऱ्यांचा आकडा यंत्राच्या आकड्यापेक्षा कमी असता कामा नये. राळेच्या मोठ्या तबकड्यांच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती बघा. दमट जागेत राळ कमजोर होते, आणि आमच्या भागातला पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. यंत्राला झाकण असेल तर ते काढून ठेवू नका. जोर लावू नका, हलक्या हातानं थांबत थांबत कापा. पोलाद पिवळं पडलं की ते सव्वादोनशे अंशांच्या घरात गेलं, निळं पडलं की तीनशेच्या. तिथं पाणी उतरलं. फेकायच्या भागाचं उतरलं तर चिंता नाही, ठेवायच्या भागाचं उतरता कामा नये.

तिसरी गोष्ट आसपासची. ठिणगी दूरवर जाते. बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, पेट्रोलची नळी जवळ असते, तेलकट चिंधी पडलेली असते. आधी ते दूर करा. नायलॉनचा शर्ट, गळ्यातला मफलर नको. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचं, त्यावर ग्राइंडर मारून ती धूळ छातीत घेऊ नका. नाकाला मास्क लावा.

आणि चौथी गोष्ट, काय कापायचं नाही. गॅस भरलेला शॉकॲब्सॉर्बर, दाबून बसवलेली स्प्रिंग, एअरबॅगच्या आसपासचं काही, आणि इंधनाची टाकी, मग ती रिकामी का असेना. तिथं आपली हौस बाजूला ठेवायची.

मला लोक विचारतात, गॅरेज आणि कविता यांचं जमतं कसं? मी म्हणतो, दोन्हीकडे माझ्या हातून बिघडतं ते शेवटच्या नखभरातच. कवितेत बिघडलं तर कागद फाडता येतो. गॅरेजमध्ये माणसं गाडीत बसून निघालेली असतात.

आजोबांची साण आता झिजून बशीएवढी राहिली आहे. ती मी कपाटात जपून ठेवली आहे. आजोबा म्हणायचे, पात्याला पाणी आहे की नाही हे साणेवर कळतं. अब्बा मला त्या पहाटे काही बोलले नाहीत. एसटीची वेळ तेवढी विचारली. त्यांनी 'लागलं का' असं रात्री विचारलं तेव्हाच मी खरं सांगितलं असतं, तर मला एक रात्र झोप मिळाली असती, आणि त्या वडापवाल्याला त्याची भरलेली गाडी रिकामी करावी लागली नसती.

तुमच्यापैकी कुणी आज गाडीखाली वाकणार असाल, तर चष्मा लावा. आणि हातून काही लागलं, तर ज्याची गाडी आहे त्याला आजच सांगा.